दोन शेंड्यांचं झाड

आर्डिसनं आणखी एक बशी पाण्यात सोडली. बशी डुलत डुलत खाली गेली, मध्येच एकदा उलटली आणि तळाच्या चिखलावर पांढरी पडून राहिली. गोठलेल्या तळ्यावरच्या त्या खोपीत काळोख होता. उजेड होता तो फक्त पायाशी, बर्फात करवतीनं कापलेल्या चौकोनी भोकातून वर येणारा. बाहेरचं ऊन बर्फातून झिरपून तळ्यात उतरत होतं आणि हिरवट होऊन इथं वर येत होतं.

"लग्नातल्या बश्या ना ह्या?" क्लीट रोझनोनं विचारलं. तो तिच्या शेजारी बाकावर बसला होता, दुखरा गुडघा लांब करून.

"हो."

"वेंडलनं मला हात लावू दिला नसता यांना."

"लावू दिला होता की एकदा. तू कपाचा कान तोडलास."

"तो आधीच हलत होता. मी फक्त त्याची सुटका केली."

आर्डिसच्या ओठांचा कोपरा हलला. तिनं पुढची बशी उचलली.

तळावर असं काहीतरी पांढरं टाकून ठेवायची इथं सगळ्यांची पद्धत होती. स्टर्जन मासा येतो तो बुडालेल्या ओंडक्यासारखा, तळाला धरून, चिखलाच्याच रंगाचा. पांढऱ्यावरून गेला तरच तो गेल्याचं कळतं. कुणी बश्या टाकतं, कुणी अंड्यांची टरफलं, कुणी प्लास्टिकच्या नळ्या. मग डोक्यावर काळोख घेऊन, हाताशी भाला ठेवून खाली बघत बसायचं. वर्षानुवर्षं बसूनही मासा न दिसलेली माणसं या तळ्यावर कमी नव्हती.

आर्डिसच्या हाताशी भाला नव्हता. तो तिनं दारामागे टेकवून ठेवला होता. तिचा नवरा वेंडल जानेवारीच्या शेवटच्या रविवारी याच तळ्यात गेला होता आणि अजून सापडला नव्हता.

"एवढ्या पुरेत," क्लीट म्हणाला. "जास्त टाकल्यास तर डोळे दिपतील. एकाच ठिकाणी टक लावू नकोस. नजर फिरती ठेव."

"तुला काय वाटतं, क्लीट?"

"पाणी या वर्षी स्वच्छ आहे," तो म्हणाला. मग गुडघा चोळत पुढं म्हणाला, "मी जुन्या पुलाच्या अगदी जवळ खोपी टाकलीय. तू इथं बस. बाकीचे आहेतच सगळीकडे."

बाकीचे होते, हे खरं होतं. विनेबागो तळं लांबरुंद असलं तरी उथळ आहे. कुठंही बुडलं तरी तळ तीन-चार पुरुषांपेक्षा खोल नाही. बर्फातल्या ज्या भेगेत वेंडल गेला तिच्या आसपास पाणबुड्यांनी शोधलं, त्याची बर्फावर चालणारी स्नोमोबाइल वर काढली, आणि बर्फाखालचा प्रवाह त्याला कुठं घेऊन गेला असेल ते सांगता येत नाही म्हणून शोध थांबवला. आता वसंतात, शेरीफचा माणूस म्हणाला होता. वसंतात बर्फ फुटला की वाऱ्यानं लाटा उठतात, बर्फाचे डोंगर किनाऱ्यावर चढतात. तेव्हा काय सापडेल आणि कसं सापडेल, हे तो बोलला नाही आणि आर्डिसनं विचारलं नाही. पण त्याच्या आधी मासेमारीचा मोसम होता. ओशकोशची आणि तळ्याकाठच्या सगळ्या गावांची माणसं बर्फाला भोकं पाडून तळाकडे बघत बसणार होती. मासेमारांच्या क्लबनं प्रत्येकाला एक लाल फडकं दिलं होतं. वेंडल दिसला तर काही बोलायचं नाही, कुणाला हाक मारायची नाही, फडकं खोपीच्या छतावर लावायचं. ही फडकी घरोघर नेऊन द्यायचं काम क्लीटनं केलं होतं.

"संध्याकाळी चिली आणतो," तो उठता उठता म्हणाला. "हरणाचं मांस आहे त्यात. वेंडलनंच मारलेलं, माझ्या फ्रीजरमध्ये पडून होतं."

दार उघडलं तसा लख्ख उजेड आत आला आणि भोकातलं पाणी एका क्षणात काळं झालं. तळ गेला, बश्या गेल्या. क्लीटनं दार लावून घेतलं. मग हळूहळू पुन्हा सगळं दिसायला लागलं.

*

वेंडल क्लबचा पूलवाला होता. हिवाळ्यात तळ्यावर रस्ता पडतो. या काठावरून त्या काठाला मोटारी जातात, खोप्या ओढून नेल्या जातात. पण बर्फ एकसंध राहत नाही. तो ताणला जातो, रात्रीतून तोफेसारखा आवाज होतो आणि मैलोन् मैल लांब भेग पडते. भेगेवर लाकडी पूल टाकायचा आणि पुलापर्यंतच्या रस्त्याला नाताळची टाकून दिलेली झाडं खुणेला रोवायची, हे त्याचं काम. भेग सरकली की पूल हलवायचा, नव्या रस्त्यानं नवी झाडं लावायची. आणि जुनी झाडं उपटायची. वाऱ्यानं बर्फाची भुकटी उडायला लागली की समोरचं काही दिसत नाही. माणूस एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे बघत चालतो आणि झाड म्हणेल तिकडे जातो.

त्या आठवड्यात भेग जुन्या पुलापाशी रुंदावली होती. शुक्रवारी वेंडल आणि क्लीटनं पूल उत्तरेला हलवला. जुनी रांग उपटायचं क्लीटकडे होतं. रविवारी दुपारी वेंडलनं त्याला फोन केला तेव्हा आर्डिस तिथंच भांडी घासत होती. फोन ठेवून वेंडल म्हणाला होता, "क्लीटनं झाडं काढली, जाळलीसुद्धा. वारा सुटायच्या आत मी पुलाचे बोल्ट तेवढे बघून येतो."

संध्याकाळी आधी पाऊस आला. पडता पडता गोठणारा. तळ्यावर उभं असलेलं जे जे होतं त्याच्या वाऱ्याकडच्या अंगाला काचेसारखा थर चढला. मग बर्फ आणि वारा. वेंडल नव्या पुलावरून परत यायला निघाला असावा. तो जुन्या पुलाच्या जागी, उघड्या भेगेत गेला.

तो तिकडे का गेला, हे आर्डिसला कळत नव्हतं. आणि तिला कळत नव्हतं ते इतरांना कळलं होतं. मोसमाच्या पहिल्या रविवारी किनाऱ्यावरच्या बारसमोर मासे वजनाला टांगले होते. दुपारी एकला भाले खाली ठेवायचे असा नियम असल्यामुळे सगळे तिथंच जमले होते. माणसाएवढे मासे शेपटीला दोर बांधून उलटे लटकत होते आणि त्यांच्यासमोर लोक बिअर पीत फोटो काढून घेत होते. आर्डिस मागं उभी होती.

"पूलवालाच स्वतःचा पूल विसरला म्हटल्यावर," कुणीतरी म्हणालं, "बाकीच्यांनी कुणावर भरवसा ठेवायचा?"

"वय झालं होतं रे."

"वय कसलं. माझा म्हातारा नव्वदीत मोटार चालवतो."

"तुझा म्हातारा रस्त्यावर चालवतो का? मागच्या महिन्यात माझ्या कुंपणात होता तो."

हशा पिकला. मग एकाला आर्डिस दिसली आणि त्यानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. क्लीट त्यांच्यातच उभा होता. आर्डिसला वाटलं, तो काहीतरी बोलेल. चाळीस वर्षं तो आणि वेंडल मिळून पूल टाकत आले होते. वेंडल पूल विसरेल का, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? क्लीट नखानं बाटलीवरचा कागद सोलत होता. कागद एका सलग पट्टीत निघून आला. त्यानं तो गुंडाळून खिशात घातला.

संध्याकाळी चिलीचं भांडं घेऊन आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "त्यांचं मनावर घेऊ नकोस. पितात आणि बोलतात."

"तो विसरला नाही, क्लीट."

"नाही," क्लीट म्हणाला. "तो विसरणारा नव्हता."

जाताना त्यानं पायऱ्यांवरचा बर्फ न सांगता खरवडून काढला.

*

सोमवारी संध्याकाळी भांडं पायरीवरच सापडलं. झाकणावर टॉवेल घट्ट बांधलेला होता. घंटा वाजली नव्हती. भांडं अजून गरम होतं, आणि क्लीटचा पिकअप कोपऱ्यावर वळताना तिला दिसला.

मंगळवारी सकाळी आर्डिस कॉफीचे थर्मास स्लेजवर घालून तळ्यावर निघाली. स्वतःच्या खोपीत बसून बसून तिचे डोळे दुखायला लागले होते, आणि कॉफी घेऊन गेलं की लोक आत घेतात, त्यांच्या भोकातूनही बघता येतं. हातात वेंडलची लोखंडी पहार होती. पुढच्या बर्फावर ती आपटत चालायचं, आवाज बदलला की थांबायचं, हे तिला त्यानंच शिकवलेलं. नव्या रस्त्याच्या कडेची झाडं उन्हात एकाच अंगाला चमकत होती. त्या रविवारपासून थंडी एकदाही सैल पडली नव्हती, आणि पावसाचा थर जसाच्या तसा होता.

बर्नी स्टेफेकची खोपी वाटेत पहिली. आर्डिसनं रीतीप्रमाणे बाहेर उभं राहून बर्फावर पाय आपटले. मासे बघत बसलेल्याचं दार कुणी परस्पर उघडत नाही.

"कोण आहे? नवरा असेल तर मी मेले म्हणून सांगा."

"मी आहे, आर्डिस."

"मग ये, पटकन आत ये. दार लाव, दार लाव."

आत बर्नी गॅसच्या शेगडीला गुडघे टेकवून बसली होती. जाडजूड, गुलाबी, कानांवर फरची टोपी. तिच्या मुलाला दाढी आली तरी तिला मासा आला नव्हता आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची.

"काही नाही गं," आर्डिसनं विचारायच्या आत ती म्हणाली आणि तिच्या हातावर हात ठेवला. "सकाळपासून एक पर्च मासा आला, माझ्याकडे बघितलं आणि गेला. मला बघून सगळेच जातात."

आर्डिस वाकून भोकात बघत होती. खाली अंड्यांची टरफलं पसरलेली होती.

"क्लीटला का हलवलं तुम्ही लोकांनी?" बर्नीनं कॉफी ओतून घेत विचारलं.

"कुठं हलवलं?"

"काल दुपारी खोपी ओढून नेली ना त्यानं. तिकडं, ईशान्येला. एकट्यानंच. मी म्हटलं, अरे बाबा, मोसम ऐन भरात आहे, बसल्या जागेवरून कुणी उठतं का? तर म्हणे पाणी गढूळ झालं." बर्नीनं हनुवटीनं भोकाकडे खूण केली. "गढूळ! काल माझं कानातलं पडलं आत. ते बघ, अजून दिसतंय. तळाशी ठेवलेलं बायबल वाचता येईल एवढं स्वच्छ पाणी, आणि याला गढूळ."

कानातलं खरंच दिसत होतं. टरफलांच्या कडेला, लाल खड्याचं.

"कधी म्हणाला?"

"कालच. आणि चेहरा असा, की मी मस्करीसुद्धा केली नाही. मी! विचार कर." बर्नीनं तिच्याकडे पाहिलं. "आर्डिस? बस ना. कॉफी तरी घे तुझीच."

आर्डिस बाहेर पडली. स्लेज तिनं बर्नीच्या दारातच सोडली.

*

जुन्या पुलाकडे आता रस्ता नव्हता. शेरीफच्या लोकांनी लावलेली पिवळी फीत वाऱ्यानं तुटून एका खुंटाला गुंडाळली गेली होती. भेग पुन्हा गोठून तिची निळसर शिवण झाली होती. तिच्या अलीकडे, क्लीटची खोपी जिथं होती तिथं दाबल्या गेलेल्या बर्फाचा चौकोन होता, ओढून नेल्याच्या दोन लांब रेघा होत्या आणि मधोमध एक झाड उभं होतं.

खोपी हलवली की मागं राहिलेल्या भोकाला खूण करायची, हे तळ्यावर लहान मुलालाही माहीत असतं. वरवर गोठलेलं भोक बर्फ पडला की दिसत नाही आणि त्यात कुणीही जाऊ शकतं. लोक एखादी फांदी खोचतात, नाहीतर कापून काढलेली लादी उभी करून ठेवतात. पूर्ण झाड कुणी लावत नाही. या झाडाला बुंध्याशी बर्फाचे तुकडे रचून, वर पाणी ओतून पक्कं केलेलं होतं.

आर्डिस बरीच जवळ जाईपर्यंत त्याच्याकडे नुसतं झाड म्हणून बघत होती. मग तिला दोन शेंडे दिसले.

डिसेंबरात वेंडलनं ते झाड मुद्दाम निवडलं होतं. कुणीच घेत नव्हतं म्हणून. "दोन शेंडे असलेलं झाड कुणी घरात आणतं का?" ती म्हणाली होती. "तारा कुठल्या शेंड्यावर लावायचा?" त्यानं एका शेंड्यावर तारा लावला आणि दुसऱ्यावर स्वतःची लोकरीची टोपी घातली. नाताळभर ती टोपी तिथंच होती. जो आला तो हसला. जानेवारीत ते झाड त्यानं स्वतः पुलाच्या तोंडाशी रोवलं, जुन्या पुलाच्या. तीही गेली होती त्या दिवशी, थर्मास घेऊन. हात झटकत तो म्हणाला होता, "हे पुलाचं झाड. दुरून ओळखू येतं."

क्लीटनं उपटलेल्या, जाळलेल्या रांगेतलं हे पहिलं झाड असायला हवं होतं.

आर्डिसनं हातमोजा काढला आणि एक फांदी धरली. सुया तपकिरी पडल्या होत्या, पण झडल्या नव्हत्या. एका अंगाच्या प्रत्येक सुईवर काचेचा थर होता. फांदीच्या टोकाला थेंब गोठले होते, सगळे खालच्या दिशेनं, बुंध्याला समांतर. आडव्या पडलेल्या झाडावर थेंब तसे गोठत नाहीत. तिनं नव्या रस्त्याच्या झाडांकडे मान वळवून पाहिलं. ती लांब होती, उन्हात चमकत होती. तिनं पुन्हा हातातल्या फांदीकडे पाहिलं. थेंबांपैकी एक तिच्या बोटांच्या उबेनं वितळून मनगटावरून बाहीत गेला.

त्या रविवारी संध्याकाळी, पाऊस पडत असताना, हे झाड इथं उभं होतं.

दूर कुणाच्या तरी खोपीतून आरोळी उठली, मासा लागला असावा, आणि मग शांत झालं. ईशान्येला क्लीटच्या खोपीच्या धुराड्यातून धूर येत नव्हता.

तिनं पहार उचलली. भोकावर एका रात्रीचाच बर्फ होता, काळा, पारदर्शक. तीन-चार घावांत तो फुटला. तुकडे तिनं हातानंच बाहेर काढून टाकले. मग कोट काढला, पोटावर आडवी झाली आणि उजेड बंद व्हावा म्हणून कोट डोक्यावरून ओढून घेतला.

आधी फक्त हिरवा काळोख दिसला. मग तळ वर आला. क्लीटनं टाकलेल्या पांढऱ्या नळ्या समांतर, एकेक हात अंतरावर. क्लीट नळ्या नेहमी अशाच नीट टाकायचा. त्यांच्या पलीकडे, जिथं उजेड संपत आला होता, तिथं बूट होते. डाव्या बुटाची नाडी पिवळी होती. जुनी तुटली तेव्हा तिनंच स्वयंपाकघराच्या खणातून ती शोधून ओवली होती, आणि वेंडल म्हणाला होता, आता मी कॅनरी पक्षी दिसतोय.

बुटांच्या पुढचं तिनं पाहिलं. तेही सगळं पाहिलं.

पाणी स्वच्छ होतं.

उठली तेव्हा तिच्या स्वेटरची पुढची बाजू ताठ झाली होती. तिनं कोट घातला. बटणं लागेनात, ती तशीच सोडली. फोन कोटाच्या खिशात होता. तो बाहेर काढून तिनं हातात धरला, पण नंबर दाबला नाही. आजूबाजूला शेकडो खोप्या होत्या आणि एकीच्याही छतावर लाल फडकं नव्हतं. पहारीच्या धक्क्यानं झाड जरासं कललं होतं. तिनं ते दोन्ही हातांनी सरळ केलं, बुंध्याशी बर्फाचे तुकडे पुन्हा रचले आणि ती ओढून नेल्याच्या दोन रेघांमधून ईशान्येकडे चालू लागली.

*

तिनं पाय आपटले नाहीत. सरळ दार उघडलं.

उजेड आत पडला आणि भोकातलं पाणी काळं झालं. क्लीट बाकावर बसला होता. टोपी मांडीवर, भाला भिंतीच्या खुंटीवर तसाच टांगलेला. शेगडी पेटवलेली नव्हती. त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग स्वेटरकडे. दार लाव, असं तो म्हणाला नाही.

"पाणी स्वच्छ आहे तिथलं," आर्डिस म्हणाली.

क्लीटनं मान डोलावली.

त्याच्या शेजारी बाकावर लाल फडकं होतं. चार घड्या घालून ठेवलेलं, इस्त्री केल्यासारखं. आर्डिस त्याकडे बघत राहिली तेव्हा त्यानं ते उचललं आणि पुन्हा तिथंच ठेवलं.

"हातात घेतलं होतं," तो म्हणाला. "बाहेरही गेलो. वर चढवेना."

आर्डिसचा हात खिशातल्या फोनवर होता.

"फडकं लावलं असतं तर सगळे आले असते. मला वाटलं, आधी तुला..." तो थांबला. गुडघ्यावर हात ठेवून त्यानं तो दाबला. "बाकीची झाडं जाळली त्याच रात्री. वाऱ्यात पेटेनात. पेट्रोल ओतलं. हे एवढं जाळवलं नाही. गोठ्यात ठेवलं होतं."

"वेंडलनं तुला फोन केला होता."

"हो."

"तू म्हणालास, झालं काम."

"मॅच चालू होती," क्लीट म्हणाला. "सोमवारी काढणार होतो."

खाली बर्फ करकरला. आवाज दूरवर, काठापर्यंत गेला आणि विरला. काळ्या पाण्यावर दोघांच्या सावल्या होत्या, त्या जराशा हलल्या.

"बारसमोर तू उभा होतास," आर्डिस म्हणाली. "ते काय म्हणाले ते तू ऐकलंस."

क्लीटनं मांडीवरची टोपी उचलून बाकावर ठेवली. त्याचे ओठ फुटले होते. तो त्या क्षणी फार म्हातारा दिसला, आणि आर्डिसला ते दिसलं, आणि तिनं त्याचं काही केलं नाही. तिनं फोन पुढं केला.

"तू कर."

"आर्डिस, तुझा नवरा आहे. तूच..."

"भोक तुझं आहे."

तो फोनकडे बघत राहिला. मग त्यानं हातमोजा दातांनी ओढून काढला आणि फोन घेतला. नंबर दाबायला त्याला वेळ लागला. बोटं थंड होती. पलीकडे कुणी उचलल्यावर त्यानं घसा साफ केला, जसा तो क्लबच्या बैठकीत बोलायच्या आधी करायचा.

"क्लीट रोझनो बोलतोय. हो, तोच. तळ्यावरून." त्यानं श्वास घेतला. "वेंडल सापडला. वेंडल लेम्के."

पलीकडून कुणीतरी भराभर बोलत होतं.

"जुन्या पुलाच्या अलीकडे. माझ्या भोकात... नाही, आत्ता नाही. काल. काल सकाळी दिसला." त्यानं डोळे मिटले. "हो, काल म्हणालो मी."

आर्डिस दारातच उभी होती. वारा तिच्या पाठीवर होता. उघड्या कोटाचं टोक उडून दाराला लागत होतं.

"जागा सापडेल तुम्हाला. झाड लावलंय तिथं. दोन शेंड्यांचं. दुरून ओळखू..." तो थांबला, पुन्हा घसा साफ केला. "जुन्या रांगेतलं. पुलाच्या तोंडाशी होतं ते."

आता पलीकडचा आवाज हळू झाला होता. एकच काहीतरी विचारलं गेलं. क्लीटनं वर, आर्डिसकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती भोकाकडे बघत होती.

"नाही," क्लीट फोनमध्ये म्हणाला. "नव्हती काढली."

आर्डिस आत आली आणि तिनं दार ओढून घेतलं. काळोख झाला. मग हळूहळू पाण्यात उजेड भरत गेला आणि तळ दिसायला लागला.